अवटू ग्रंथीतील गाठी आणि सोनोग्राफीचा कौल

अवटू अर्थात थायरॉईड ग्रंथीत गाठी होणे ही अत्यंत सामान्य बाब आहे. हाताला न लागणाऱ्या असंख्य गाठी सोनोग्राफीत दिसतात आणि त्यांतील बहुसंख्य निरुपद्रवी असतात. त्यामुळे खरा प्रश्न गाठ शोधण्याचा नसून कोणत्या गाठीची सुईने तपासणी करावी आणि कोणत्या गाठीला हात लावू नये, हे ठरविण्याचा आहे.

सोनोग्राफीत श्राव्यातीत ध्वनिलहरी ऊतींवरून परावर्तित होऊन प्रतिमा तयार होते. द्रवाने भरलेली पोकळी प्रतिध्वनी देत नाही, म्हणून ती काळी दिसते. अशी निव्वळ द्रवयुक्त किंवा स्पंजासारखी सच्छिद्र गाठ जवळजवळ नेहमीच सौम्य असते. याउलट घन, सभोवतालच्या ग्रंथीपेक्षा काळसर आणि अनियमित कडांची गाठ संशयास्पद ठरते. आडव्या छेदात गाठ रुंदीपेक्षा उंच दिसणे, हे तर विशेष महत्त्वाचे लक्षण होय. पॅपिलरी कर्करोगात कॅल्शियमचे सूक्ष्म कण साचतात व ते पांढऱ्या ठिपक्यांसारखे चमकतात. मात्र सौम्य गाठीतील घट्ट झालेले कोलॉइडही तसेच चमकते. त्याच्यामागे धूमकेतूसारखी शेपटी उमटते, एवढाच फरक. घाईने पाहणाऱ्याची फसगत येथेच होते.

यांपैकी कोणतेही एक लक्षण निर्णायक नाही. म्हणून अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीने २०१७ मध्ये गुणांकनाची पद्धत प्रसिद्ध केली. रचना, प्रतिध्वनी, आकार, कडा व चमकदार ठिपके यांच्या गुणांची बेरीज ७ किंवा अधिक झाल्यास १ सेंमी. गाठही सुईने तपासावी; ३ गुणांच्या गाठीसाठी हीच मर्यादा २.५ सेंमी. आहे. मोठी गाठ म्हणजे कर्करोग, हा रूढ समज येथे बाद होतो.

हा संयम का हवा, ते दक्षिण कोरियात दिसून आले. तेथे १९९९ पासून राष्ट्रीय कर्करोग-तपासणी कार्यक्रमाच्या जोडीने गळ्याची सोनोग्राफीही अल्प शुल्कात सर्रास होऊ लागली. २०११ मध्ये अवटू कर्करोगाच्या निदानाचा दर १९९३ च्या तुलनेत पंधरापट झाला. मृत्युदर मात्र होता तेथेच राहिला. निदान झालेल्या जवळजवळ सर्वांवर शस्त्रक्रिया झाल्या आणि अनेकांना आयुष्यभर संप्रेरकाच्या गोळ्या घेणे भाग पडले. २०१४ मध्ये तेथील काही डॉक्टरांनी या तपासणीविरुद्ध जाहीर आवाहन केले, त्यानंतर हे प्रमाण उतरले.

फॉलिक्युलर प्रकारात मात्र गुणांकनही अपुरे पडते. तेथे सौम्य अर्बुद की कर्करोग, हे गाठीचे आवरण वा रक्तवाहिन्या भेदल्या गेल्या आहेत काय, यावर ठरते. सुईने काढलेल्या पेशींतही ते कळत नाही. गाठ काढून सूक्ष्मदर्शकाखालीच पाहावी लागते.