दोन दारांची हौस

गेल्या दिवाळीत माझा भाचा इंग्लंडहून आला होता. तिकडे तो नोकरीला आहे. फराळाला बसलो असताना चकली मोडता मोडता त्याने हळूच विषय काढला, “मामा, गाडी घ्यायची म्हणतोय. जुनीच, पण कूपे.”

माझी बहीण चहाचा कप हातात घेऊन तिथेच थबकली. कूपे म्हटल्यावर तिला आठवला तो आगगाडीच्या पहिल्या वर्गातला दोन बर्थांचा कप्पा! भाच्याने मोबाइलवर चित्र दाखवले. लांब नाक, मागे उतरत गेलेले छप्पर आणि दारे दोनच. बहिणीने चष्मा लावून ते नीट पाहिले आणि एकच प्रश्न विचारला, “मी तिकडे आले, तर बसू कुठे?”

प्रश्न नुसता बसण्याचा नव्हता. पैसे जायचे होते ते घराच्या पहिल्या हप्त्यासाठी बाजूला टाकलेल्या रकमेतून. “दादा, आता तूच समजाव याला,” असे म्हणून बहीण आत गेली आणि पंचाईत माझ्यावर आली. कारण मोटारींचे वेड या घरात आणले कोणी, तर मीच! गाडी मात्र मी आयुष्यात एकच बाळगली, आणि ती होती फियाट.

मी भाच्याला म्हटले, “आजच्या गाड्यांचा निकाल लागायला अजून तीस वर्षे जायची आहेत. ज्यांचा निकाल लागून गेला आहे अशा चार गाड्यांची गोष्ट सांगतो. मग तुझे तू ठरव.” त्याला सांगितले तेच वाचकांनाही सांगतो. घरात तरुण मुलगा असेल, तर हा प्रसंग आज ना उद्या आपल्यावरही यायचाच आहे.

आधी ‘कूपे’ या शब्दाविषयी थोडेसे. शब्द फ्रेंच आहे आणि त्याचा अर्थ ‘कापलेली’. घोड्याच्या मोठ्या बग्गीतली एक बैठक कापून टाकली, की उरे ती कूपे. म्हणजे माणसांची सोय कमी करून देखणेपणा वाढवायचा, हा व्यवहार या गाडीच्या नावातच लिहिलेला आहे. त्याबद्दल मागाहून तक्रार करण्यात अर्थ नाही.

पहिली गाडी इंग्लंडचीच, जॅग्वार ई-टाइप. ती १९६१ च्या मार्चमध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात आली आणि पाहणाऱ्यांची झुंबड उडाली. प्रात्यक्षिकासाठी दुसरी गाडी हवी म्हणून कंपनीचा चाचणी-चालक नॉर्मन ड्युइस हा कॉव्हेंट्रीहून रात्रभर गाडी हाकत जिनिव्हाला पोहोचला. तिचे अंग आखले होते माल्कम सेयर यांनी. हा माणूस विमानांच्या कारखान्यातून आलेला. वाऱ्याला कसे फसवावे याचे गणित त्याला ठाऊक होते. इंजिन ३.८ लिटरचे, कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे २६५ अश्वशक्तीचे. चारही चाकांना डिस्क ब्रेक. वेग सांगितला जाई ताशी १५० मैल. आणि किंमत? इंग्लंडात करासह सुमारे २२०० पौंड. त्याच तोलाची अ‍ॅस्टन मार्टिन घ्यायची तर जवळजवळ दुप्पट रक्कम मोजावी लागे.

इतकी स्वस्त कशी, याचे एक कारण सरळ आहे. इंजिन नवे नव्हते. १९४८ पासून ते जॅग्वारच्या गाड्यांत धावत होते आणि कुटुंबाच्या मोठ्या गाड्यांतही बसत होते. त्याचा खर्च केव्हाच वसूल झाला होता. पण स्वस्ताईची दुसरी बाजूही होती. १५० मैलांचा तो आकडा मासिकांना चाचणीसाठी दिलेल्या, खास सिद्ध केलेल्या गाडीचा होता. ग्राहकाच्या दारात आलेल्या गाडीला तो सहसा गाठता येत नसे. सुरुवातीच्या गिअरबॉक्समध्ये पहिला गिअर नाठाळ होता, उंच माणसाचे पाय आत मावत नसत, गर्दीत इंजिन तापे. गिअरबॉक्स आणि बैठक सुधारली ती १९६४ साली, ४.२ लिटरच्या इंजिनाबरोबर. धाव आणि रूप यांत ई-टाइप पहिली. बांधणीत मात्र मालकाची परीक्षा पाहणारी.

दुसरी जर्मनीची पोर्श ९११. ही १९६३ साली फ्रँकफुर्टला दिसली तेव्हा तिचे नाव ९०१ होते. मधे शून्य असलेल्या तीन आकडी नावांवर फ्रान्सच्या प्यूजो कंपनीने हक्क सांगितला, म्हणून शून्याच्या जागी एक आला. इंजिन दोन लिटरचे, सहा सिलिंडरांचे, हवेवर थंड होणारे, अश्वशक्ती १३०. म्हणजे ई-टाइपच्या निम्मी. तरीही ती ताशी १३० मैलांपर्यंत जाई. किंमत मात्र जर्मनीत बावीस हजार मार्कांच्या घरात. इतकी महाग, की १९६५ मध्ये कंपनीला तेच अंग वापरून चार सिलिंडरांची ९१२ ही स्वस्त गाडी काढावी लागली.

जर्मन बांधणी म्हणून आपण मान डोलावतो. पण या गाडीतही खोट होती. इंजिन मागच्या चाकांच्याही मागे लटकलेले, त्यामुळे वळणावर शेपूट बाहेर जाई. प्रारंभी कंपनीने काय केले असेल? पुढच्या बंपरच्या दोन टोकांशी अकरा-अकरा किलोंचे बिडाचे ठोकळे बसवले! बाजारात तराजूला पासंग लावतात, तसलाच प्रकार. मग १९६९ च्या मॉडेलमध्ये पुढच्या व मागच्या चाकांतले अंतर ५७ मिलिमीटरने वाढवले. पुढे पत्रा गंजतो हे ध्यानात आल्यावर १९७०-८० च्या दशकाच्या मध्यास सबंध अंगालाच जस्ताचा मुलामा देऊ लागले आणि गंजाविरुद्ध सहा वर्षांची हमी दिली. या कंपनीचा गुण मला दिसतो तो हाच. चूक सर्वांकडून होते. ९११ च्या चुका झाकल्या नाहीत, एकेक करून काढल्या.

तिसरी अमेरिकेची फोर्ड मस्टँग. १७ एप्रिल १९६४ रोजी ती न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यात आली आणि पहिल्याच दिवशी बावीस हजारांवर गाड्यांची मागणी नोंदली गेली. दोन वर्षांच्या आत दहा लाखावी गाडी तयार झाली. जाहिरातीतली किंमत २३६८ डॉलर. इतक्या पैशांत इतके लांब नाक कोणी दिले नव्हते! खुबी अशी, की नव्या अंगाखाली बहुतेक सामान फोर्डच्या साध्या फाल्कन गाडीचे होते. शिक्षिका, कारकून, नुकतेच नोकरीला लागलेले तरुण, सगळ्यांना ती परवडली. मागे दोन मुलेही बसत.

पण २३६८ डॉलरांना मिळे काय? सहा सिलिंडरांचे १०१ अश्वशक्तीचे इंजिन आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक. ते नाक शोभेल अशी धाव हवी असेल, तर व्ही-आठ इंजिनाचे वेगळे पैसे. चांगले ब्रेक, रेडिओ, आपोआप बदलणारे गिअर, सगळ्याचे वेगळे पैसे. ताटाची किंमत कमी ठेवून वाटीवाटीचे पैसे घेणारी खानावळ आपल्याला ठाऊक आहे, तसेच हे. मस्टँगने फसवले असे मी म्हणणार नाही. दर छापलेले होते. मात्र यादीच्या शेवटची बेरीज करायची जबाबदारी ग्राहकाची होती.

चौथी जपानची डॅटसन २४०-झेड. अमेरिकेतले निस्सानचे प्रमुख युटाका काटायामा यांना तिथल्या रस्त्यांना साजेल अशी गाडी हवी होती. १९६९ मध्ये ती आली. जपानात तिचे नाव ‘फेअरलेडी’. ते अमेरिकेत चालायचे नाही म्हणून काटायामांनी नावाची पट्टी काढून आकडा लावला. २.४ लिटरचे इंजिन, १५१ अश्वशक्ती, चारही चाकांना स्वतंत्र स्प्रिंगा, वेग ताशी सव्वाशे मैल, आणि किंमत ३५२६ डॉलर. धाव पहिल्या पोर्शच्या तोडीची, किंमत तिच्याहून पुष्कळच कमी.

स्वस्त म्हणजे तकलादू, असे म्हणणाऱ्यांना आफ्रिकेने उत्तर दिले. ईस्ट आफ्रिकन सफारी ही हजारो मैलांची, चिखल-धूळ-दगडांची शर्यत. १९७१ मध्ये ती २४०-झेडने जिंकली आणि १९७३ मध्ये पुन्हा. दुसऱ्या वेळी चाकावर होते भारतीय वंशाचे शेखर मेहता! त्यांचे आणि स्वीडनच्या हॅरी कॅलस्ट्रॉमचे गुण अगदी सारखे झाले; बरोबरी सोडवावी लागली आणि विजय मेहतांना मिळाला. पुढे ही शर्यत त्यांनी आणखी चार वेळा जिंकली.

असली ही खणखणीत गाडी, पण तिला हरवले कोणी? मिठाने! थंड मुलखात बर्फ वितळावे म्हणून हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. २४०-झेडच्या पातळ पत्र्याला ते सोसले नाही. आफ्रिकेचे दगड पचवलेली गाडी घरासमोर उभी राहून गंजली. इंजिन ठणठणीत आणि खालची जमीन चाळणीसारखी, अशी कित्येकांची गत झाली.

आता निकाल. ई-टाइप १९७४ मध्ये बंद झाली. आज तिचा एक नमुना न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात आहे. मस्टँगची परंपरा कधीच खंडली नाही. २०१८ मध्ये एक कोटीवी बाहेर पडली. दहा लाखावी ९११ तयार झाली २०१७ मध्ये. झेडच्या वंशातली नवी गाडी २०२२ साली बाजारात आली. चौघींनीही नाव राखले. पण घरखर्चाच्या वहीत प्रत्येकीची नोंद वेगळ्या पानावर पडली. ई-टाइपचे पैसे दुरुस्तीत गेले, ९११ चे आरंभीच गेले, मस्टँगचे वरच्या सामानात गेले आणि झेडचे पत्र्यात गेले.

भाचा इतका वेळ मुकाट ऐकत होता. मग म्हणाला, “म्हणजे घेऊ नको म्हणता?”

“तसे कुठे म्हटले? मीही तुझ्या वयाचा होतो,” मी म्हणालो. “हौसेला किंमत असते आणि ती द्यायला हरकत नाही. फक्त ती आधी माहीत असावी. विकणाऱ्याने सांगितलेल्या किमतीत विमा, टायर आणि पहिल्या वर्षाची दुरुस्ती मिळव आणि मग बेरीज बघ. वरचा रंग बघण्याआधी बॅटरी घेऊन गाडीखाली आडवा हो. तुझ्या इंग्लंडातही मीठ टाकतात. आणि ताशी १५० मैल जाते का हे विचारू नकोस. रोजच्या रस्त्याने, रोजच्या गर्दीत अर्धा तास चालवून बघ.”

तो परत गेला. तीनेक आठवड्यांनी फोन आला. चित्रातली ती लाल गाडी त्याने पाहिली होती. रंग आरशासारखा होता म्हणे, पण खाली आडवा होऊन दाराखालचा पत्रा बोटाने दाबला, तर बोट आत गेले! घराच्या हप्त्याचे पैसे तसेच बँकेत आहेत. दुसरी गाडी शोधणे चालू आहे.

बहिणीला हे सांगितले तेव्हा तिने सुटकेचा निःश्वास टाकला. मग थोडा वेळ गप्प राहून म्हणाली, “दादा, दुसरी बघतोय ना, तर त्याला सांग, मागे बसून बघ म्हणावं. मी जाणार आहे मेमध्ये.”