एकच गाणं, हजार रात्री: ग्रेटफुल डेडचे रसिक नेमकं कशावरून भांडतात?

आज आपण एका भांडणाविषयी बोलणार आहोत. हे भांडण अमेरिकेतलं आहे, गेली कित्येक दशकं चालू आहे, आणि गंमत अशी की ते मिटावं असं भांडणाऱ्यांपैकी कोणालाच मनापासून वाटत नाही. ग्रेटफुल डेड या बँडची सगळ्यात चांगली मैफल कोणती, हा त्याचा वरवरचा विषय. पण थोडं खोलात गेलं की त्यातून बरेच मोठे प्रश्न निघतात. कानासमोरून निघून गेलेलं संगीत उरतं म्हणजे काय उरतं? ते कोणाच्या मालकीचं? आणि वाजवणारा माणूसच गेला, तर पुढे काय?

आधी बँडची थोडक्यात ओळख करून घेऊ. १९६५ साली कॅलिफोर्नियातल्या पालो अल्टो या गावी पाच जण एकत्र आले. गिटारवर जेरी गार्सिया आणि बॉब वीअर, बेस गिटारवर फिल लेश, ड्रमवर बिल क्रॉइट्झमन, आणि ऑर्गन व गाणं सांभाळायला रॉन मॅकर्नन, ज्याला सगळे पिगपेन म्हणत. १९६७ मध्ये मिकी हार्ट हे दुसरे ड्रमवादक आले. त्या काळात लेखक केन कीझी आणि त्यांची मंडळी सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात ‘अ‍ॅसिड टेस्ट’ नावाच्या रात्रभर चालणाऱ्या पार्ट्या करत. एलएसडीवर तेव्हा, म्हणजे ऑक्टोबर १९६६ पर्यंत, कॅलिफोर्नियात बंदी नव्हती. डेड त्या पार्ट्यांत वाजवत. तिथे तिकीट काढून कार्यक्रम बघायला आलेला प्रेक्षक नव्हता, त्यामुळे ठरलेली गाणी ठरलेल्या वेळात संपवायची सक्तीही नव्हती. एक गाणं दहा मिनिटं चाललं काय आणि चाळीस मिनिटं चाललं काय, कोणी घड्याळ दाखवणार नव्हतं. ‘सायकेडेलिक’ हे विशेषण या बँडला चिकटलं ते इथून. त्यांची वाजवण्याची सवयही इथेच पक्की झाली.

ही सवय म्हणजे ‘जॅम’. आता जॅम म्हणजे मनाला येईल ते वाजवणं, असा एक समज असतो. तसं ते नाही. गाण्याचा सांगाडा सगळ्यांना पाठ असतो. त्यातून बाहेर कधी पडायचं, कोणाच्या मागे जायचं, परत कधी यायचं, हे त्या क्षणी एकमेकांना ऐकून ठरतं. एकाचं गाणं न थांबता दुसऱ्या गाण्यात शिरतं. रसिक आपल्या वहीत कार्यक्रमाची यादी लिहिताना अशा दोन गाण्यांमध्ये छोटा बाण काढतात. भांडणं बऱ्याचदा गाण्यांपेक्षा या बाणांवरून होतात, बरं का!

याचं सोपं उदाहरण म्हणजे ‘डार्क स्टार’. १९६८ मध्ये त्याची जी तबकडी निघाली, तिच्यात हे गाणं तीन मिनिटांच्याही आत संपतं. पुढच्याच वर्षी २७ फेब्रुवारीला फिलमोर वेस्टमध्ये वाजवलेलं तेच गाणं ‘लाइव्ह/डेड’ या अल्बमवर आहे, आणि ते तेवीस मिनिटांचं आहे. म्हणजे स्टुडिओतली तबकडी फक्त बी आहे, झाड बघायचं तर मैफलीतच जायला हवं. १९६५ ते १९९५ या तीस वर्षांत बँडने सुमारे २३०० कार्यक्रम केले. कार्यक्रमागणिक गाण्यांची यादी वेगळी असे. त्यामुळे ‘डेडचं अमुक गाणं चांगलं आहे’ या वाक्याला रसिकांच्या लेखी फारसा अर्थच नाही. ते लगेच विचारतात: कोणत्या रात्रीचं?

आता सगळ्यात गाजलेल्या रात्रीकडे येऊ. ८ मे १९७७, कॉर्नेल विद्यापीठातला बार्टन हॉल. कोणाही जुन्या रसिकाला सर्वोत्तम कार्यक्रम विचारा, ही तारीख पहिल्या दोन-तीन उत्तरांत येणारच. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने राष्ट्रीय महत्त्वाच्या ध्वनिमुद्रणांच्या नोंदवहीत या कार्यक्रमाचा समावेश केला आहे. विरोधी पक्ष म्हणतो, कॉर्नेल चांगलंच आहे, पण ते त्या आठवड्यातलंसुद्धा सर्वोत्तम नाही! दुसऱ्याच दिवशीचा, ९ मेचा बफलोचा कार्यक्रम ऐका. नाहीतर सरळ पाच वर्षं मागे जा: २७ ऑगस्ट १९७२, ऑरेगनमधलं व्हेनेटा. तिथे कीझी कुटुंबाच्या डेअरीला मदत म्हणून, रणरणत्या उन्हात, मोकळ्या मैदानात बँड वाजवला, आणि त्या दिवशीचा ‘डार्क स्टार’ अनेकांना सगळ्यांत वरचा वाटतो.

मग कॉर्नेलच इतकं गाजलं कसं? इथे खरी मेख आहे. बेटी कँटर-जॅक्सन या बँडच्या ध्वनिमुद्रक. त्या काळात रॉकच्या तांत्रिक कामात बायका अगदी मोजक्या होत्या. कार्यक्रमातल्या ध्वनियंत्रणेच्या मिश्रणफलकावरून, ज्याला साउंडबोर्ड म्हणतात, सरळ टेप करता येते. पण तिथला आवाजाचा तोल सभागृहासाठी साधलेला असतो. एखादं वाद्य मंचावरच मोठ्याने ऐकू येत असेल, तर फलकावर ते कमी ठेवलं जातं, आणि मग टेपवर ते हरवूनच जातं. बेटी टेपसाठी वेगळा तोल साधायच्या. म्हणून त्यांच्या टेपांवर प्रत्येक वाद्य स्वच्छ सुटं ऐकू येतं.

पुढे बेटींची परिस्थिती बिघडली. टेपा ज्या गोदामात ठेवल्या होत्या त्याचं भाडं थकलं, आणि १९८६ मध्ये तिथल्या सामानाचा लिलाव झाला. टेपा अनोळखी लोकांच्या हाती गेल्या, त्यांच्या नकला झाल्या, नकलांच्या नकला झाल्या. कॉर्नेलची टेप घरोघर पोचली. बँडच्या स्वतःच्या संग्रहात मात्र मूळ टेप कितीतरी वर्षं नव्हती. अधिकृत अल्बम निघाला तो २०१७ मध्ये, म्हणजे कार्यक्रमानंतर बरोबर चाळीस वर्षांनी.

आता विचार करा. आपण ज्याला सर्वोत्तम मैफल म्हणतो, ती सर्वोत्तम वाजलेली होती, की सर्वोत्तम टिकलेली? या दोन गोष्टी एक नाहीत. ज्या रात्रीची टेप खराब निघाली, ती रात्र या स्पर्धेत उतरतच नाही. आपल्याकडेही जुन्या खासगी मैफलींच्या मुद्रणांबाबत हेच होतं. ज्या मैफलीत कोणीतरी नीट मुद्रण केलं, ती मैफल ‘अजरामर’ ठरते. तेव्हा कॉर्नेलवर आक्षेप घेणारे निव्वळ हट्टी आहेत असं समजू नका. पुरावा कसा तयार झाला, हे ते विचारतायत. समर्थकांचं उत्तरही वजनदार आहे. ते म्हणतात, त्या दौऱ्यातल्या इतरही कार्यक्रमांच्या बेटींच्या टेपा तितक्याच स्वच्छ आहेत, तरी कान पुन्हा पुन्हा याच रात्रीकडे वळतो.

कॉर्नेलचा एक धागा मुंबईपर्यंत येतो, तो सांगायलाच हवा. त्या रात्रीचा सगळ्यात वाखाणला गेलेला भाग म्हणजे ‘स्कार्लेट बिगोनियाज’मधून ‘फायर ऑन द माउंटन’मध्ये जाणारी जोडी. तोच तो बाण! यातलं दुसरं गाणं तेव्हा अगदी नवं होतं, मंचावर येऊन त्याला दोन महिनेही झाले नव्हते. त्याचं मूळ रूप ‘दीगा ऱ्हिदम बँड’च्या १९७६ च्या अल्बमवर ‘हॅपिनेस इज ड्रमिंग’ नावाने ऐकायला मिळतं. हा वाद्यवृंद सॅन राफेलच्या अली अकबर कॉलेज ऑफ म्युझिकमधल्या तालवाद्यांच्या वृंदातून उभा राहिला होता, आणि त्यात मिकी हार्ट यांच्या जोडीला होते आपल्या माहीमचे उस्ताद झाकीर हुसेन. हार्ट यांनी झाकीरभाईंचे वडील उस्ताद अल्लारखाँ यांच्याकडून १९६७ पासून तालाचे धडे घेतले होते. अल्लारखाँसाहेबांनी बँड घडवला, असा दावा मी करणार नाही. पण ‘द इलेव्हन’सारखी अकरा मात्रांच्या चक्रावर चालणारी रचना रॉकच्या मंचावर सहज वाजवणारी माणसं तालाकडे कोणत्या नजरेने बघत होती, हे यातून कळतं.

आता दुसरा प्रश्न, मालकीचा. डेडच्या कार्यक्रमांना लोक सुरुवातीपासून टेपरेकॉर्डर लपवून आणत. इतर बँड अशा लोकांना बाहेर काढत. डेडने उलट केलं. ऑक्टोबर १९८४ पासून त्यांनी टेप करणाऱ्यांसाठी सभागृहात वेगळी जागाच राखून ठेवली, आणि त्यासाठी वेगळी तिकिटं काढली. अट एकच: टेप विकायची नाही. आमचं वाजवून झालं की ते श्रोत्यांचं, अशी गार्सिया यांची भूमिका होती. मग टेपांची देवाणघेवाण हा एक रिवाजच झाला. नवख्या माणसाने कोऱ्या कॅसेटी आणि टपालाचा खर्च पाठवायचा, जुन्याने नकला करून द्यायच्या, नफा कोणी घ्यायचा नाही. या व्यवहारातूनच वर्षावार, रात्रवार तुलना करणारी जाणकारी तयार झाली. म्हणजे भांडणासाठी लागणारी साधनसामग्री बँडने स्वतःच वाटली होती!

म्हणूनच २००५ मध्ये मोठा भडका उडाला. ‘इंटरनेट आर्काइव्ह’ या मोफत संग्रहावर डेडच्या हजारो मैफली होत्या. नोव्हेंबरमध्ये बँडच्या बाजूने त्या उतरवून घेण्याची सोय बंद झाली. रसिक खवळले. बँडसाठी गाणी लिहिणारे जॉन पेरी बार्लोसुद्धा रसिकांच्या बाजूने बोलले. शेवटी तडजोड अशी निघाली: प्रेक्षकांनी केलेली मुद्रणं उतरवून घेता येतील, साउंडबोर्डवरची मात्र तिथेच ऐकावी लागतील. बँडची अडचण खोटी नव्हती. गार्सिया नसताना कार्यक्रमांचं उत्पन्न थांबलेलं, आणि जुनी मुद्रणं ही मिळकतीची एक महत्त्वाची बाजू. पण तीस वर्षं ‘हे तुमचंच आहे’ असं ऐकलेल्या माणसाला ‘आता नाही’ हे पटणार कसं?

तिसरा प्रश्न जास्त अवघड आहे, आणि रसिक तो हळू आवाजात बोलतात. १९८६ मध्ये गार्सिया मधुमेहामुळे कोमात गेले होते, त्यातून सावरले. पुढच्या वर्षी ‘टच ऑफ ग्रे’ हे गाणं अमेरिकेच्या पहिल्या दहांत पोचलं आणि गर्दी एकदम फुगली. मोठमोठी स्टेडियमं भरू लागली. बँडवर पोट असणारी माणसं वाढली, त्यामुळे दौरे थांबवणं कठीण झालं. गार्सिया यांचं हेरॉइनचं व्यसनही सुटत नव्हतं. शेवटच्या वर्षांतल्या टेपांवर त्यांची बोटं अडखळतात, शब्द विसरतात, हे स्पष्ट ऐकू येतं. २ जुलै १९९५ ला इंडियानातल्या डीअर क्रीकमध्ये बिनतिकिटाच्या जमावाने कुंपण तोडलं आणि दुसऱ्या दिवशीचा कार्यक्रम रद्द करावा लागला. ९ जुलैला शिकागोत शेवटचा कार्यक्रम झाला. बरोबर एका महिन्याने, ९ ऑगस्टला, व्यसनमुक्ती केंद्रात हृदयविकाराने गार्सिया गेले. वय त्रेपन्न.

तेव्हा ‘१९९४-९५ च्या टेपा ऐकाव्यात का’ या वादात नुसता रुचीचा मुद्दा नसतो. एक बाजू म्हणते, खचलेल्या माणसाच्या वादनातही काही रात्री अशा आहेत की डोळ्यांत पाणी येतं. दुसरी म्हणते, तेव्हा त्याला घरी जाऊ द्यायला हवं होतं आणि आपण तिकिटं काढत राहिलो. दोन्ही बाजूंना आपापल्या प्रेमाचाच हिशेब द्यायचा आहे.

आणि शेवटचा वाद, वारशाचा. २०१५ मध्ये हयात सदस्यांनी फिश या बँडचे ट्रे अनास्टासिओ यांना सोबत घेऊन निरोपाचे कार्यक्रम केले. त्याच वर्षी वीअर आणि हार्ट यांनी गिटारवादक जॉन मेयर यांच्यासह ‘डेड अँड कंपनी’ सुरू केली. काही जुने रसिक याला नक्कल म्हणतात. १९९५ नंतर जन्मलेली मुलं विचारतात, मग आम्ही फक्त टेपाच ऐकायच्या का? मला स्वतःला या मुलांचा प्रश्न रास्त वाटतो. ज्या संगीताचा सगळा डोलारा ‘आज रात्री काय होतंय’ यावर उभा होता, ते फक्त कपाटात जपलं तर कपाट भरेल, पण ती सवय मरेल. मात्र जुन्यांचंही एक म्हणणं सोडून चालणार नाही. ते म्हणतात, गाणी सगळ्यांना वाजवता येतात, पण एकमेकांना ऐकण्याची ती तीस वर्षांची ओळख उसनी आणता येत नाही. नव्या बँडला त्याच कसोटीवर तपासा: त्या रात्री मंचावर कोण कोणाचं ऐकतंय?

जाता जाता एक काम देतो. ‘डार्क स्टार’ तीनदा ऐका: आधी १९६८ ची छोटी तबकडी, मग २७ फेब्रुवारी १९६९, मग २७ ऑगस्ट १९७२. पहिल्या खेपेला फक्त गार्सिया यांच्या गिटारमागे जा. दुसऱ्या खेपेला फिल लेश यांचा बेस धरा, तो ठेका देत बसत नाही, तो संवाद करतो. एवढं झालं की कोणती रात्र सरस हे तुम्हीच ठरवा, आणि कोणाशी तरी त्यावरून भांडा.