दहा सेकंद

सकाळचे पावणेदहा. सदाशिव पेठेतला जुना वाडा पाडून उभ्या राहिलेल्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, अक्षरजुळणी आणि पान-मांडणी करणारं हे छोटं ऑफिस आहे. दार ढकलून मी आत येते तेव्हा पाचही संगणक चालू आहेत, पाचही जण पडद्याकडे बघत बसले आहेत आणि एकाचाही हात माउसवर नाही.

भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यावर चार दिवाळी अंकांचे रकाने आखले आहेत. प्रत्येक फर्म्यापुढे, म्हणजे सोळा पानांच्या प्रत्येक गठ्ठ्यापुढे, काम झालं की बरोबरची खूण होते. शेवटच्या रकान्यात नऊपैकी दोनच खुणा दिसतात. छापखान्याला पानं परवा द्यायची आहेत.

“ताई, सर्व्हर म्हातारा झाला,” मालक म्हणतात. “नवा घ्यायचं जवळजवळ ठरलंय. हे कोटेशन. तुम्ही एकदा बघून हो म्हणा.”

मी कोटेशन बाजूला ठेवते आणि वही उघडते. “स्लो म्हणजे नेमकं काय होतं, ते प्रत्येकाने आपापलं सांगा.”

मांडणी करणारा मुलगा आधी बोलतो. “फोल्डरवर क्लिक केलं की ते निळं वर्तुळ फिरत राहतं. मग उघडतं. पण मोठी रंगीत फाइल सेव्ह करायला टाकली की संपतच नाही.”

अक्षरजुळणीचे काका चष्मा कपाळावर घेतात. खिळे हाताने जुळवण्याच्या काळापासून ते या धंद्यात आहेत. “माझ्या फाइली मजकुराच्या, लहान. त्या पटकन येतात. पण चहा पिऊन परत आलो की पहिल्यांदा फोल्डर उघडायला फार वेळ लागतो. एकदा उघडलं की पुढे त्रास नाही.”

डोंबिवलीला घरी बसून मुद्रितशोधन करणाऱ्या काकूंना मालक फोन लावतात. “अगं, मी लॉगिन करते ना, तर पासवर्ड विचारायलाच तो थांबून राहतो,” त्या सांगतात. “आत गेले की सगळं सुरळीत.”

वहीत मी दोन रकाने करते. एकावर लिहिते ‘थांबतं’, दुसऱ्यावर ‘रेंगाळतं’. काकू आणि काका पहिल्या रकान्यात जातात. मांडणीचा मुलगा दोन्हीकडे. सगळे ‘स्लो’ हा एकच शब्द वापरतात, पण एसटी स्टँडवरून उशिरा सुटणं वेगळं आणि घाटात रांगत चढणं वेगळं.

“पूर्वी किती वेळ लागायचा?”

कुणालाच आकडा सांगता येत नाही. “पटकन व्हायचं,” एवढंच उत्तर मिळतं. तेही मी लिहून घेते.

“आणि हे कधीपासून?”

“गणपतीनंतर,” मालक म्हणतात.

“गणपतीत काय बदललं?”

“काहीच नाही.”

“काहीच नाही कसं?” काका मध्येच म्हणतात. “इंटरनेटची कंपनी नाही का बदलली? नव्या राउटरसाठी त्या पोरांनी कपाटसुद्धा सरकवलं होतं.”

ही दोन वाक्यं मी अधोरेखित करते आणि सर्व्हरपाशी जाते.

सर्व्हर म्हणजे कोपऱ्यातल्या टेबलाखालचा काळा डबा. त्यात लिनक्स आहे आणि विंडोजच्या संगणकांना त्यावरची फोल्डरं दिसावीत म्हणून सांबा. ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेरा इथल्या अँड्र्यू ट्रिजेल यांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला हा प्रोग्राम लिहायला घेतला. फाइली देण्याघेण्याच्या ‘एसएमबी’ या पद्धतीतली तीन अक्षरं ज्यात त्याच क्रमाने येतात, असा शब्द त्यांनी शोधला आणि ‘सांबा’ हे नाव मिळालं. आज जगभरात अशा असंख्य लहान ऑफिसांचा कारभार त्याच्यावर चालतो.

आधी डब्याची प्रकृती बघते. प्रोसेसर जवळजवळ रिकामा. मेमरी अर्धी मोकळी. डिस्कपुढे कामाची रांग नाही, आणि डिस्कने स्वतःच ठेवलेल्या नोंदीत खराब सेक्टर एकही नाही. हे यंत्र दमलेलं नाही. पाच माणसं त्याची वाट बघत आहेत, आणि ते दुसऱ्याच कुणाची तरी.

मोबाइलवर स्टॉपवॉच लावून माझ्या लॅपटॉपवरून एसएसएचने लॉगिन करते. पासवर्ड विचारेपर्यंत दहा सेकंद. बाहेर पडून पुन्हा लॉगिन करते. दहा. सगळ्यांना काम थांबवायला सांगते आणि तिसऱ्यांदा करते. तरीही दहा.

इथे माझी मान वर होते. यंत्रावर भार असता तर कधी सात सेकंद, कधी पंधरा सेकंद लागले असते. गर्दी घड्याळ बघून वागत नाही. दर वेळी नेमका तोच आकडा येतो तेव्हा तो कुणीतरी लिहून ठेवलेला नियम असतो. हे दहा सेकंद कुठे लिहिलेत, एवढंच आता शोधायचं.

एसएसएचचा जन्म फिनलंडमधला, १९९५ सालचा. हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर कुणीतरी लपून पासवर्ड टिपले, म्हणून तातू उलोनेन यांनी दूरवरून लॉगिन करण्याचा हा सुरक्षित मार्ग तयार केला. सावधपणा त्याच्या रक्तातच आहे. दारावर कुणी आलं की आलेल्या पत्त्याच्या आकड्यांवरून त्याचं नाव काय, हे तो विचारून घेतो. ‘ओपनएसएसएच’ या त्याच्या मुक्त रूपात हे विचारणं २०१५ च्या ६.८ या आवृत्तीपासून मुळात बंद ठेवलं गेलं. इथली आवृत्ती त्याआधीची आहे. इथे अजून विचारणं चालू आहे.

विचारायचं कुणाला? तर डीएनएसला. संगणकांची नावं आणि आकडी पत्ते यांची सांगड घालणारी ही व्यवस्था पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडली. सर्व्हरने ही चौकशी कुठे करायची, ते ‘रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ’ नावाच्या छोट्या फाइलीत लिहिलेलं असतं. ती उघडते. आत एकच ओळ, एकच पत्ता.

“हा पत्ता कुणाचा?” मी विचारते.

मालक जुन्या बिलांची फाइल काढतात. त्यावर बोट ठेवून मी आकडे जुळवते. पत्ता जुन्या इंटरनेट कंपनीच्या डीएनएसचा आहे.

“आपण तिचे ग्राहक राहिलो नाही,” मी सांगते. “आपण विचारतो, तिकडून कुणी हूं की चूं करत नाही. सर्व्हर पाच सेकंद वाट बघतो. उत्तर आलं नाही की पुन्हा एकदा विचारतो आणि आणखी पाच सेकंद थांबतो. मग नाद सोडतो आणि काकूंना पासवर्ड विचारतो.”

“पाच आणि पाच, दहा,” काका म्हणतात.

“हो. दोन्ही आकडे या व्यवस्थेत आधीपासून ठरलेले आहेत. वेगळं काही लिहिलं नसेल तर तेच चालतात.”

खात्री करायला लॉगिन बाजूला ठेवते आणि काकांच्या संगणकाचा आकडी पत्ता देऊन सर्व्हरला फक्त नाव शोधायला सांगते. कर्सर लुकलुकत राहतो. दहा सेकंदांनी हात हलवत परत येतो.

आता सांबाची सेटिंग्जची फाइल. आलेल्या संगणकाचं नाव शोधण्याची सूचना तिथेही चालू आहे. म्हणजे प्रत्येक नव्या जोडणीला तीच चौकशी आणि तोच मुक्काम. काही वेळ वापर झाला नाही की विंडोज आणि सर्व्हरमधली जोडणी सुटते. काका चहाला जातात, जोडणी सुटते, परत आल्यावर नवी जुळवताना पुन्हा दहा सेकंद. काका हळूच मान हलवतात. गेला महिनाभर ते आपल्याच संगणकाला दोष देत होते.

‘रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ’ची एक प्रत बाजूला काढून ठेवते. मग जुना पत्ता पुसून तिथे नव्या राउटरचा पत्ता लिहिते. एवढा एकच बदल. दोन गोष्टी एकदम बदलल्या की कशाने बरं वाटलं ते कधीच कळत नाही.

काकांच्या संगणकाचा पत्ता देऊन पुन्हा नाव शोधायला सांगते. उत्तर तत्क्षणी येतं: असं नाव नोंदलेलं नाही.

“म्हणजे अजून सापडलं नाहीच की,” मुलगा म्हणतो.

“नाही सापडलं. पण ‘नाही’ हेही उत्तरच आहे. ते मिळालं की सर्व्हर पुढच्या कामाला लागतो. त्याला अडकवून ठेवते ती शांतता.”

तरी सांबा दर वेळी नाव विचारणारच, म्हणून ऑफिसातल्या पाचही संगणकांची नावं आणि पत्ते सर्व्हरच्या स्वतःच्या ‘होस्ट्स’ फाइलीत लिहून टाकते. घरातल्या माणसांची ओळख बाहेर विचारत फिरायची गरज नको. ते झाल्यावर डोंबिवलीला फोन जातो. काकू लॉगिन करतात. “अगं बाई, आला की लगेच!” त्यांचा आवाज स्पीकरवर सगळ्यांना ऐकू येतो.

‘थांबतं’ हा रकाना मी खोडते. ‘रेंगाळतं’ अजून उभा आहे.

मांडणीच्या मुलाकडे सुमारे १.१ जीबीची मुखपृष्ठाची फाइल आहे. ती सर्व्हरवर टाकायला सांगते. आता सुरुवात चटकन होते, पण हिरवी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकते. सेकंदाला ११ मेगाबाइट. सगळं जायला एक मिनिट चाळीस सेकंद लागतात. इथे डीएनएसचा काही संबंध नाही. गाडी स्टँडवरून सुटली आहे, आता रस्ता बघायचा.

‘आयपर्फ’ने नुसतं नेटवर्क मोजते, म्हणजे डिस्क आणि सांबा दोन्ही हिशेबाबाहेर राहतात. काकांचा संगणक ते सर्व्हर: सेकंदाला ९४ मेगाबिट. काकांचा संगणक ते मुलाचा संगणक: ९४०. काका दोन्हीकडे आहेत, सगळे संगणक जोडणारा स्विच दोन्हीकडे आहे. फक्त सर्व्हरकडची बाजू वेगळी. दोष तिथेच आहे.

९४ हा आकडाही बोलका आहे. शंभर मेगाबिटची जोडणी धडधाकट असते तेव्हा खऱ्या कामाला एवढेच मेगाबिट उरतात. आठाने भागलं की पावणेबारा मेगाबाइट. पट्टीवरचे अकरा त्यातूनच आले. सर्व्हरचं नेटवर्क कार्ड मात्र हजार मेगाबिटचं आहे. कार्डाचा चालू वेग दाखवणाऱ्या ‘एथटूल’ला विचारते तर तोही सांगतो: वेग १००.

“कपाट कुणी सरकवलं म्हणालात काका?”

आम्ही चौघं लोखंडी कपाट उचलतो. त्याचा मागचा पाय सर्व्हरच्या केबलवर टेकलेला आहे. केबल तिथे चपटी झाली आहे. स्विचवर बाकी पोर्टांचे दिवे हिरवे आहेत, या एकाचा केशरी. महिनाभर तो सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पेटलेला आहे.

केबल काढून टेस्टरला लावते. दिवे क्रमाने पेटत जातात. एक, दोन, तीन. चौथा पेटत नाही. पाच, सहा, सात, आठ पेटतात. आठ तारांपैकी निळ्या जोडीतली एक तुटली आहे. शंभर मेगाबिटला केशरी आणि हिरवी अशा दोनच जोड्या पुरतात. हजारला चारही जोड्या लागतात. एक तार गेली तर जोडणी बंद पडत नाही. कार्ड मुकाट्याने शंभरवर उतरतं आणि चालू राहतं. पूर्ण तुटलेली केबल दहा मिनिटांत सापडली असती. ही अर्धवट तुटलेली, म्हणून महिना गेला.

पिशवीतून पाच मीटरची कॅट-६ केबल काढते. या वेळी ती भिंतीच्या कडेने, पट्टीतून नेतो. मुलगा क्लिपा ठोकतो, काका टोक धरतात. स्विचवर हिरवा दिवा लागतो. आयपर्फ सांगतो ९४१.

“टाक आता मुखपृष्ठ.”

पट्टी सरसर भरते. अकरा सेकंद. मुलगा तीच फाइल पुन्हा टाकून बघतो, खरं वाटत नाही म्हणून. पुन्हा अकरा. मग तो काही न बोलता खुर्ची ओढतो आणि तिसऱ्या फर्म्याची पानं उघडतो. काकांची बोटं कीबोर्डवर आहेत. खोलीत पुन्हा टकटक सुरू होते.

मालक कोटेशनचा कागद हातात घेऊन उभे आहेत. “म्हणजे हे नको?”

“या कामासाठी नको,” मी म्हणते. “डिस्क जुनी आहे. बॅकअप रोज घ्या आणि वर्षभरात डिस्क बदला. पण आज नवा सर्व्हर आणला असता तर तो याच केबलला जोडला असता, आणि फाइल पाठवायला तेवढाच वेळ लागला असता.”

निघण्यापूर्वी एक कोरा कागद घेते आणि आजची तारीख घालून त्यावर लिहिते: लॉगिन, एका सेकंदाच्या आत. फोल्डर उघडणं, तत्काळ. १.१ जीबीची फाइल, ११ सेकंद. आयपर्फ, ९४१. खाली डीएनएसचा पत्ता आणि ‘इंटरनेट कंपनी बदलली तर हा बदला’ अशी ओळ. काका तो कागद सर्व्हरच्या अंगावर चिकटवतात.

सकाळी मी विचारलं होतं, पूर्वी किती वेळ लागायचा, आणि उत्तर कुणाकडेच नव्हतं. ऑफिसात काही रेंगाळायला लागतं तेव्हा निरोगी दिवसाचा आकडा हाताशी नसतो, आणि मग तक्रार यंत्राच्या वयावर जाते. म्हणून सांगते: तुमच्या ऑफिसात आज सगळं नीट चालत असेल, तर आजच एक फाइल पाठवा, वेळ मोजा आणि तारखेसह लिहून ठेवा.