सत्तेचाळीस की चाळीस सात?

डोंबिवलीच्या फलाटावर वेळ आधी कानाला कळते. ‘आठ वाजून सत्तेचाळीस मिनिटांची’ लोकल, ही घोषणा ऐकून मी शेजारच्या दुसरीतल्या मुलीला मिनिटे लिहायला सांगितली. तिने ७४ लिहिले. कानावर आधी सात पडले, म्हणून तिने आधी सात लिहिले.

मराठीत दोन अंकी संख्या बोलताना एकक आधी येतो, लिहिताना दशक. त्यात ‘एकोणतीस’ म्हणजे तिसाला एक कमी. ही रीत एकोणनव्वदपर्यंत चालते आणि नव्व्याण्णवला मोडते. कानडी-तेलुगूत एकविसापुढे बोलण्याचा आणि लिहिण्याचा क्रम एकच.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात रूढ नावांबरोबर ‘चाळीस सात’ अशा धर्तीचे वाचनही आले. जोडाक्षरांनी आणि उलट्या क्रमाने मुले गोंधळतात, हे विषय समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी समजावून सांगितले. तरी गदारोळ झाला, विनोद झाले. भाषा मोडली म्हणून ओरडणाऱ्यांत मीही होतो.

पुढे इतर भाषांत काय झाले ते शोधताना नॉर्वे सापडला. तिथेही एकक आधी बोलत. दूरध्वनी क्रमांक लांबले, ते तोंडी सांगताना चुका होऊ लागल्या. दूरध्वनी खात्याने पाठपुरावा केला आणि १९५१ साली संसदेने दशक आधी बोलण्याची रीत मान्य केली. शाळांनी ती शिकवली, तरी जुनी रीत आजही कानावर पडते. यंत्राच्या सोयीसाठी पुस्तक बदलता येते. जीभ आपल्या वेळेने बदलते.

आपल्याकडे क्रम उलटा लागला. ठाणे-कल्याण पट्ट्यात मराठी माणूसही मोबाइल नंबर इंग्रजीत सांगतो, ‘एट फॉर्टी-सेव्हन चुकली’ म्हणतो. भाजीवाला ‘पंचेचाळीस’ म्हणाला की मूल आईकडे बघते आणि आई ‘फॉर्टी-फाइव्ह’ म्हणते. आपण ‘सत्तेचाळीस’ की ‘चाळीस सात’ यावर भांडत राहिलो आणि घरात तिसराच शब्द येऊन बसला.

म्हणून माझे मत बदलले. ‘चाळीस सात’ ही पायरी आहे. ‘सत्तेचाळीस’ हे घर. पायरी शाळेने द्यावी. पण घर जागते ठेवणे शाळेच्या एकटीच्या आवाक्यातले नाही. त्या मुलीला मी आधी चाळीस सात लिहायला शिकवले, मग त्याचे नाव सांगितले. आता घोषणा झाली की ती बोटाने हवेत आधी चार काढते, मग सात.