डोंगर कोरडा, वाळू ओली

वसई तालुक्यात पायी हिंडण्याजोग्या दोन जागा अशा आहेत की त्या एकाच दिवशी पाहिल्या, तर भौतिकशास्त्रातील एक चांगले कोडे समोर येते. पहिली जागा म्हणजे पूर्वेकडील तुंगारेश्वरचा डोंगर आणि दुसरी म्हणजे पश्चिमेला आगाशी, निर्मळ, वाघोली, भुईगाव या बाजूच्या केळीच्या आणि फुलांच्या वाड्या. ही सहल मार्च महिन्यात करावी. डोंगराची उंची साडेसहाशे मीटरच्या आसपास आहे. पावसाळ्यात त्याच्या अंगावरून शेकडो ओहोळ धावत असतात, पण मार्चमध्ये त्याच ओढ्यांच्या पात्रांत बहुधा उघडे धोंडे दिसतात. वाड्यांची जमीन मात्र अगदी सपाट, समुद्रसपाटीहून जेमतेम काही मीटर उंच आणि रेताड. तेथे केळीला पाणी चालू असते आणि मोगऱ्याचा बहर सुरू होत असतो. एवढा मोठा डोंगर कोरडा आणि वाळू ओली, हे कसे?

प्रथम डोंगराकडे जाऊ. महामार्गावरील सातिवलीच्या बाजूने देवळाकडे जाणारी वाट साग, ऐन, पळस अशा झाडीतून चढते. २००३ साली हा भाग अभयारण्य म्हणून घोषित झाला आहे; तेव्हा वाट सोडून भटकू नये, आणि भर पावसात ओढे एकाएकी फुगतात म्हणून त्या दिवसांत पात्रात उतरू नये. समुद्रावरून येणारी दमट हवा डोंगराला अडते व वर चढते. वर दाब कमी, म्हणून ती प्रसरण पावते आणि थंड होते. बाष्पाने संपृक्त नसलेली हवा दर शंभर मीटरला सुमारे एक अंश थंड होते. थंड झालेल्या हवेत बाष्प मावत नाही, ढग बनतात आणि पाऊस पडतो. म्हणजे पाण्याची कमाई डोंगराला भरपूर आहे. साठवण मात्र त्याला जमत नाही.

याचे कारण पायाखालच्या दगडात आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक पसरून हा काळा पाषाण तयार झाला. त्याच्या शंभर लिटर आकारमानाच्या अखंड तुकड्यात एकदोन लिटर पाणी मावले तरी खूप. पाणी साठते ते भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यांत. तेवढा साठा झऱ्यांवाटे काही महिन्यांत निथळून जातो. उतारही तीव्र, त्यामुळे पावसाच्या पाण्याला मुरायला सवड मिळत नाही.

आता वाळू पाहा. घरी एक प्रयोग करा. काचेचा पेला कोरड्या वाळूने काठोकाठ भरा आणि मोजपात्राने सावकाश पाणी ओता. पेल्यात दोनशे घनसेंटिमीटर वाळू असेल, तर साठ ते ऐंशी घनसेंटिमीटर पाणी तिच्यात सहज जिरेल. म्हणजे तीस ते चाळीस टक्के जागा कणांमध्ये मोकळीच होती! या गुणाला सच्छिद्रता म्हणतात. वाड्यांखालची वाळू आणि शिंपल्यांचा चुरा यांच्यामुळे ती जमीन एखाद्या प्रचंड टाकीसारखी वागते.

या टाकीत पाणी कोठून येते? ते डोंगरातून जमिनीखालून झिरपत येते, अशी पुष्कळांची समजूत असते. पण डोंगरमाथ्यावरून पश्चिमेकडे नजर टाकली म्हणजे ती समजूत डळमळते. डोंगर आणि वाड्या यांच्यामध्ये खाऱ्या पाण्याचा सखल पट्टा आहे. वसईचा हा भाग एके काळी खाडीने वेगळे केलेले बेटच होता. सोपारा हे प्राचीन बंदर त्या खाडीवर वसले होते. खाजण आणि मिठागरे त्याच सखल पट्ट्यातली. डोंगराचे पाणी पायथ्याच्या ओढ्यांना जाते, पेल्हारसारख्या धरणात साठते. वाडीला मात्र तिच्या स्वतःच्या डोक्यावर पडणाऱ्या पावसावरच वर्ष काढावे लागते. येथे वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. एवढ्या जागेवर दोन लाख लिटर पाणी झाले. त्याचा पाचवा हिस्सा मुरला असे धरले, तरी गुंठ्यामागे चाळीस हजार लिटर.

याच्या उलट तऱ्हा अरबस्तानात, ओमान देशात पाहायला मिळते. तेथे 'अल् जबल अल् अख्दर', म्हणजे 'हिरवा डोंगर' नावाचा डोंगराळ मुलूख आहे. पाऊस आपल्या मानाने फारच थोडा. पण खडक बराचसा चुनखडीचा असल्याने पाणी त्याच्या भेगांत खोल मुरते आणि झऱ्यांवाटे बाहेर येते. लोकांनी ते पाटांनी, केवळ उताराच्या जोरावर, पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांत खेळवले आहे. या पाटांना 'फलज' म्हणतात. त्यांच्यापैकी पाच पाटयोजनांना २००६ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. वसंत ऋतूत तेथे गुलाबाची खुडणी चालते, आणि प्रवासी पाटांच्या कडेकडेने चालत ती पाहायला जातात. तेथे डोंगर शेताला पोसतो. आपल्याकडे डोंगर एकीकडे, वाडी दुसरीकडे.

वाडीच्या टाकीला एक विलक्षण गोष्ट आहे: तिला घन तळ नाही. खाली आणि बाजूने समुद्राचे खारे पाणी आहे, आणि गोडे पाणी त्यावर तरंगत असते. गोड्या पाण्याची घनता १.०००, समुद्राच्या पाण्याची सुमारे १.०२५. समजा, भूजलाची पातळी समुद्रसपाटीहून h मीटर वर आहे आणि गोडे पाणी समुद्रसपाटीखाली z मीटर खोल गेले आहे. दोन्ही पाण्यांच्या सीमेवर दाब सारखाच हवा. म्हणून १.००० × (h + z) = १.०२५ × z. यावरून z = ४०h. विहिरीतील पातळी समुद्रापेक्षा एक मीटर वर असेल, तर खाली चाळीस मीटर गोडे पाणी तोलले जाईल! हा नियम डच अभियंता घायबेन याने १८८८-८९ च्या सुमारास आणि जर्मनीच्या हेर्झबर्गने १९०१ मध्ये, एकमेकांपासून स्वतंत्रपणे मांडला. तो साम्यावस्थेतील आदर्श स्थितीचा आहे. प्रत्यक्षात आकडे कमी भरतात, सीमाही रेघेसारखी नसते. पण त्याची उलटी बाजू ध्यानात घ्यावी. पातळी एक फूट उतरली, की खारे पाणी कालांतराने चाळीस फूट वर यायला निघते. म्हणूनच येथे विहीर अधिक खोल करून पाण्याचा प्रश्न सुटत नाही.

पूर्वी या विहिरींवर रहाट चालत. रेडा किंवा बैल सुमारे अर्ध्या अश्वशक्तीने काम करतो. सहा मीटर खोलीवरून पाणी काढताना निम्मी शक्ती घर्षणात गेली, असे धरा. सेकंदाला तीन लिटर पाणी येईल. पाच अश्वशक्तीची मोटर त्याच हिशेबाने तीस लिटर देते. शिवाय जनावर दमते, त्याला सोडावे लागते, आणि तेवढ्या वेळात विहीर पुन्हा भरते. रहाटाचा हा गुण कोणी मुद्दाम योजलेला नव्हता, पण मोठा उपयोगी होता. १९८० च्या दशकात शेजारी इमारती वाढल्या आणि वाड्यांतील पाणी टँकरने बाहेर जाऊ लागले, तेव्हा येथल्या शेतकऱ्यांनी त्याविरुद्ध आवाज उठवला. पुढे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समितीने हा लढा चालवला. वरचे समीकरण त्या शेतकऱ्यांपैकी किती जणांनी पाहिले असेल कोण जाणे. विहिरीची चव मात्र ते रोज घेत होते.

वाड्यांत हिंडताना बावखल आवर्जून पाहावे. बावखल म्हणजे वाडीतला खोलगट, बहुधा बिनबांधणीचा तलाव. पाऊस पडला की आजूबाजूचे पाणी त्यात उतरते. एरवी जे काही तासांत खाडीला मिळाले असते, ते महिनोन् महिने अडून वाळूत मुरत राहते. पातळी, म्हणजे आपल्या समीकरणातील h, त्यामुळे वर राहते. बावखल बुजवले की केवळ एक डबके गेले असे अनेकांना वाटते. माझ्या मते ते चाळीसपटीने हिशेब करण्याजोगे नुकसान आहे. पुष्कळ बावखले बुजलीही आहेत.

पाणी खारे होऊ लागले, की ते सर्वांआधी केळ सांगते. तिच्या पानांच्या कडा करपतात. नारळ बराच काळ तग धरतो. आगाशीच्या बाजूस पिकलेली राजेळी केळी सोलून उन्हात आठवडाभर वाळवतात आणि त्यांची सुकेळी करतात. त्या राजेळीला वर्षभर गोडे पाणी लागते. हवा कोरडी असतानाच सुकेळी नीट वाळतात, म्हणून हे काम पावसाळा सोडून चालते. वाडीवाल्यांना विचारले तर ते कौतुकाने दाखवतील.

शाळेत करण्याजोगे दोन प्रयोग सांगतो. एक लिटर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ विरघळवून थोडी शाई घाला. उभट बरणीत ते अर्धे भरा आणि चमच्याच्या पाठीवरून साधे पाणी हळूच वर सोडा. दोन थर वेगळे दिसतील. आता सीमेच्या थोडे वर नळीचे टोक धरून पाणी जोराने ओढा. रंगीत पाणी उंचवट्यासारखे नळीकडे चढेल. तीच नळी अगदी सावकाश ओढली, तर ते खालीच राहील.

दुसरा प्रयोग वर्षभराचा. जुन्या विजेरी घटांतील कार्बनच्या दोन कांड्या लाकडी पट्टीत ठराविक अंतरावर बसवा आणि घट व मिलिअँपिअरमापक यांना जोडा. दर महिन्याला एकाच विहिरीच्या पाण्याचा नमुना घेऊन कांड्या सारख्याच खोलीवर बुडवा. क्षार जितके अधिक, तितका प्रवाह अधिक. प्रवाह क्षणभरच सोडावा, नाहीतर कांड्यांवर वायूचे बुडबुडे जमून वाचन बिघडते. त्याच वेळी दोरीला वजन बांधून काठापासून पाण्यापर्यंतची खोली मोजा आणि दोन्ही आकडे एकाच आलेखावर मांडा. जूनमध्ये सुरुवात केलेली बरी, म्हणजे पहिल्या पावसापासूनची नोंद मिळेल. विहिरीच्या काठाशी मोठ्या माणसाला सोबत घ्यावे, आणि वाडीच्या मालकांना आधी विचारावे.