सावलीचा सौदा

सैतानाशीं केलेल्या कराराच्या कथा म्हटल्या कीं प्रथम फाउस्ट आठवतो. ज्ञानाचा आणि भोगाचा हव्यास धरून बसलेला पंडित, मध्यरात्रीचा प्रहर, रक्तानें केलेली सही आणि मुदत भरतांच होणारी आत्म्याची वसुली, हा थाट युरोपांतील लोककथेनें पक्का ठरवून टाकला होता. मार्लोनें त्यावर नाटक रचलें. गटेनें १८०८ सालीं आपल्या नाटकाचा पहिला भाग प्रसिद्ध केला. त्यानंतर अवघ्या सहा वर्षांनीं, १८१४ सालीं, जर्मन भाषेंत एक चिमुकली कादंबरी निघाली. 'पेटर श्लेमीलची अद्भुत कथा' हें तिचें नांव आणि आडेलबर्ट फॉन शामिसो हा तिचा कर्ता. तिच्यांत सैतान आहे, करारही आहे. पण मध्यरात्र नाहीं, मंत्रतंत्र नाहीं आणि नायक पंडितही नाहीं. सैतान भेटतो तो लख्ख उन्हांत, एका श्रीमंताच्या बागेंत. आणि तो इतका भिडस्त कीं बोलतांना लाजेनें लाल होतो.

श्लेमील हा समुद्रप्रवास करून नुकताच बंदरांत उतरलेला एक निष्कांचन तरुण. शिफारसपत्र घेऊन तो टॉमस जॉन नांवाच्या धनिकाकडे जातो. तेथें करड्या कोटाचा एक किडकिडीत मनुष्य पाहुण्यांच्या मागें मागें वावरत असतो. कोणा बाईच्या हाताला कांटा लागला कीं तो खिशांतून पट्टी काढतो. दूरचें जहाज पाहावयाचें झालें कीं दुर्बीण काढतो. मग त्याच खिशांतून गालिचा, तंबू आणि शेवटीं खोगीर घातलेले तीन घोडे निघतात. आश्चर्य याचें नव्हे. आश्चर्य हें कीं, पाहुण्यांपैकीं एकालाही त्याचें कांहीं वाटत नाहीं. मागितलें कीं मिळालें, अशी ज्यांना संवय झाली त्यांना तें कोठून आलें हें विचारण्याचें कारण उरत नाहीं.

श्लेमील घाबरून निघतो तों तोच मनुष्य मागून येतो आणि मोठ्या अदबीनें विचारतो कीं, आपली सावली फार सुंदर आहे, ती विकतां काय? मोबदला म्हणून तो एक अक्षय थैली पुढें करतो. हात घालावा आणि दहा मोहरा काढाव्या. पुन्हां दहा, पुन्हां दहा. सौदा होतो. करडा मनुष्य गुडघे टेकतो, गवतावरची सावली अलगद सोडवतो, गुंडाळतो, घडी घालतो आणि खिशांत टाकतो. ना सही, ना साक्षीदार. आत्म्याचा तर शब्दही निघत नाहीं. सावली खातां येत नाहीं, पांघरतां येत नाहीं. तिचे कोणी पैसे देत असेल तर न घेणारा वेडा, असेंच कोणाही व्यवहारी मनुष्याला वाटावें.

पण गांवांत पाऊल टाकतांच हिशेब चुकूं लागतो. एक म्हातारी त्याला हटकते, पोरें मागें लागतात, बायका कींव करतात, पुरुष तिरस्कारानें तोंड फिरवतात. महाभारतांतील दमयंती स्वयंवरमंडपांत एकसारख्या दिसणाऱ्या पांच पुरुषांतून नळाला ओळखते, त्यांतील एक खूण सावलीचीच आहे: देवांची सावली पडत नाहीं, माणसाची पडते. जर्मन बंदरांतल्या म्हातारीला नळाची कथा ठाऊक असण्याचें कारण नाहीं, पण तिचा न्याय तोच. श्लेमील सोन्याच्या राशीवर लोळतो, आणि सूर्य उगवला कीं दारें लावून घेतो. बेंडेल नांवाचा एक इमानी नोकर त्याच्यापुढें आपली सावली धरून चालतो, तेवढाच काय तो आडोसा. दूरच्या एका गांवीं मीना नांवाच्या मुलीवर त्याचें प्रेम बसतें. दुसरा एक नोकर, रास्कल त्याचें नांव, त्याचें गुपित फोडतो, आणि मुलीचा बाप बजावतो कीं तीन दिवसांत सावली घेऊन या, नाहींतर मुलीचें लग्न दुसऱ्याशीं होईल.

येथें कादंबरीचा खरा गाभा सुरू होतो. ठरल्याप्रमाणें एक वर्ष आणि एक दिवस भरतांच करडा मनुष्य पुन्हां हजर होतो, आणि सावली परत द्यावयास तयार असतो! सावली, प्रतिष्ठा, मीना, सर्व कांहीं पूर्ववत् होईल. थैलीही ठेवून घ्यावी. त्यासाठीं फक्त एका कागदावर रक्ताच्या थेंबानें सही करावयाची, कीं मरणानंतर आत्मा याचा. आत्मा म्हणजे तरी काय, तो कोणी पाहिला आहे, असा त्याचा गोड युक्तिवाद चालूच असतो. फाउस्टच्या कथेंत सैतान नवें सुख विकतो. शामिसोचा सैतान त्याहून धूर्त आहे. तो पश्चात्ताप झालेल्या मनुष्याला झालेली चूक पुसून टाकण्याची संधि विकतो. पहिला सौदा लोभानें झाला, दुसरा प्रेमासाठीं व्हावा अशी त्याची योजना आहे, आणि म्हणूनच तो नाकारणें अधिक कठीण.

श्लेमील नाकारतो, परंतु वीरासारखा नव्हे. मीनाचें लग्न त्या रास्कलशींच ठरतें, तिचे अश्रू पाहून त्याचा निश्चय ढळतो, तळहातावर रक्त आलेलें असतें, लेखणी हातांत असते, आणि नेमक्या त्याच क्षणीं थकव्यानें त्याची शुद्ध हरपते. जागा होतो तों लग्न लागून गेलेलें! नायकाला वाचवलें तें निग्रहानें नव्हे, एका मूर्च्छेनें. हें लिहिणाऱ्या लेखकाला मनुष्यस्वभावाची पारख होती यांत शंका नाहीं. पुढेंही करडा मनुष्य पिच्छा सोडीत नाहीं. शेवटीं श्लेमील विचारतो कीं, टॉमस जॉनची सही आपल्याजवळ आहे काय? तो हंसून सांगतो कीं, इतक्या चांगल्या मित्राकडून सहीची गरजच पडली नाहीं. आणि त्याच घोडे काढलेल्या खिशांतून केंस धरून त्या धनिकाचा पांढराफटक चेहरा बाहेर काढतो. तत्क्षणीं श्लेमील थैली दरींत भिरकावतो. त्याबरोबर त्याचा छळवादी नाहींसा होतो; पण सावलीही कायमची जाते.

यानंतर जत्रेंत घेतलेले जुने बूट परीकथांतले, एका पावलांत कोसांमागून कोस ओलांडणारे, निघतात. श्लेमील मिसर देशांतील एका गुहेंत राहून जगभरच्या वनस्पति गोळा करूं लागतो. वेग आंवरण्यासाठीं बुटांवर सपाता चढवण्याची त्याची युक्ति मोठी गमतीची आहे. एकदां आजारी पडून तो एका रुग्णालयांत जागा होतो. तें बेंडेलनें उरलेल्या सोन्यांतून त्याच्याच नांवानें उभारलेलें असतें. सैतानाच्या मोहरांतून दवाखाना निघावा, हा शामिसोचा खास विनोद. विधवा झालेली मीना तेथें रुग्णांची सेवा करीत असते. दाढी वाढलेल्या श्लेमीलला कोणी ओळखीत नाहीं. तो बारा नंबरचा रोगी असतो. एक शब्द उच्चारला असता तर गेलेलें सर्व परत येण्यासारखें होतें. तो शब्द तो उच्चारीत नाहीं. एक चिठ्ठी ठेवून पुन्हां आपल्या गुहेकडे जातो. त्याला दुसरें आयुष्य मिळतें खरें, पण त्यांत पहिल्यांतलें कांहीं परत आलेलें नसतें.

सावली म्हणजे काय, यावर टीकाकारांनीं पुष्कळ शाई खर्चिली आहे. कोणी ती अब्रू मानली, कोणी स्वदेश. शामिसोचें चरित्र पाहतां दुसरा तर्क सहज सुचतो. १७८१ सालीं फ्रान्समधील शांपान्य प्रांतांत तो जन्मला, राज्यक्रांतींत कुटुंबासह परागंदा झाला, प्रशियाच्या सैन्यांत अधिकारी झाला. १८१३ सालीं प्रशिया नेपोलियनच्या फ्रान्सविरुद्ध उठला तेव्हां यानें कोणाकडून लढावें? तो कूनर्सडॉर्फ येथें एका सरदाराच्या जहागिरींत वनस्पतिशास्त्राचा अभ्यास करीत राहिला, आणि तेथेंच एका मित्राच्या बायकोमुलांच्या करमणुकीसाठीं ही कथा लिहिली. बीज मात्र थट्टेंतलें. प्रवासांत टोपी, पिशवी, हातमोजे, रुमाल असें सर्व हरवून आलेल्या शामिसोला फूके नांवाच्या लेखकमित्रानें विचारलें कीं, सावली तरी शाबूत आहे ना? पुढें अर्थ विचारणाऱ्यांना शामिसोनें पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांतली सावलीची रुक्ष व्याख्या ऐकवून वाटेला लावलें.

कथा लिहिली तेव्हां तो बत्तीस वर्षांचा एक विद्यार्थी होता. श्लेमील आपलीं शास्त्रीय टिपणें मरणोत्तर बर्लिन विद्यापीठाला देण्याचें ठरवतो. त्याच विद्यापीठानें १८१९ सालीं शामिसोला सन्मान्य डॉक्टरची पदवी दिली. कारण मधल्या काळांत, १८१५ ते १८१८ या वर्षांत, तो 'रूरिक' नांवाच्या रशियन जहाजावरून निसर्गशास्त्रज्ञ म्हणून पृथ्वीप्रदक्षिणा करून आला होता. आपल्या नायकाला दिलेलें दुसरें आयुष्य त्यानें पुढें स्वतः जगून घेतलें, तेंही साध्या बुटांनीं. कादंबरींत श्लेमीलचे बूट मलाया, सुमात्रा, जावा करीत लाम्बोक बेटाच्या टोकाशीं अडतात. पुढचा समुद्र ओलांडतां येत नाहीं, आणि ऑस्ट्रेलियाच्या वनस्पतींवांचून आपला ग्रंथ अपुरा राहणार म्हणून तो तेथें बसून रडतो. 'रूरिक' चिलीला गेलें, कामचाटका, कॅलिफोर्निया, हवाई, मनिला करून परतलें. ऑस्ट्रेलियाचा किनारा शामिसोलाही दिसला नाहीं.