तापतो एक, दोष दुसऱ्याचा

बँकेत उभी हयात काढलेल्या माणसाला एक सवय जडते. खाते थकले की तो आधी खातेदाराला दोष देत नाही. पैसा कुठून आला आणि कुठे गेला, ते पाहतो. जुन्या मोटारीचा डायनामो तापला, की नेमकी हीच सवय उपयोगी पडते.

आमच्या शेजाऱ्यांकडे त्यांच्या वडिलांच्या वेळची मॉरिस मायनर आहे. अ‍ॅलेक इसिगोनिस यांच्या आराखड्यावरून १९४८ साली इंग्लंडमध्ये अवतरलेली ही गुटगुटीत गाडी. गेल्या पावसाळ्यात एकदा फिरून येऊन त्यांनी ती उभी केली, किल्ली काढली, तरी बॉनेटखालून वॉर्निशचा जळका वास येऊ लागला. डायनामो हात लावू देईना. त्यांनी प्रसंगावधान राखून बॅटरीची तार सोडली. गॅरेजवाल्याने मात्र निकाल दिला, ‘‘डायनामो जळाला. नवा मिळायचा नाही. गाडी काढून टाका.’’ बिचारे गिऱ्हाईक शोधायला लागले.

चालताना तापणारा डायनामो वेगळा आणि उभ्या गाडीत तापणारा वेगळा. चालताना तापला, तर पट्टा फार ताणलेला आहे का, मागचे बुश तेलावाचून कोरडे पडले आहे का, बॅटरीचा एखादा सेल शॉर्ट होऊन ती सारखा करंट ओढते आहे का, रेग्युलेटर बिघडला आहे का, हे पाहावे. पण इंजिन बंद असताना डायनामो वीज निर्माण करूच शकत नाही. मग ही उष्णता येते बॅटरीतून!

दोघांच्या मध्ये कटआऊट असतो. इंजिन चालले की त्याचे पॉइंट जुळतात आणि वीज बॅटरीत जमा होते. इंजिन थांबले की ते सुटतात. ते चिकटूनच राहिले, तर जमा रक्कम उलटी वाहू लागते. डायनामो मोटरसारखा फिरू पाहतो, पट्टा त्याला फिरू देत नाही, आणि तो जागच्या जागी भाजून निघतो.

याची खूण म्हणजे डॅशबोर्डवरचा तांबडा दिवा. किल्ली फिरवल्यावर, इंजिन सुरू होण्याआधी तो लागायला हवा. बल्ब शाबूत असूनही तो लागला नाही, तर त्याच्या दोन्ही बाजूंना बॅटरीचाच दाब आहे असे समजावे. आम्हा बँकवाल्यांना तांबडी शाई दिसली की धडकी भरते; इथे ती दिसली नाही की भरावी.

माझ्या ओळखीच्या एका वयस्कर वायरमनने चिकटलेले पॉइंट सोडवून साफ केले. मग डायनामोच्या दोन्ही तारा काढून ‘डी’ आणि ‘एफ’ ही टर्मिनल एकमेकांना जोडली, व्होल्टमीटर लावला आणि इंजिनाचा वेग हलकेच वाढवला. काटा भरभर चढला; विसाच्या पुढे मात्र त्याने तो जाऊ दिला नाही. आर्मेचर जिवंत होते.

नंतरच्या गाड्यांत अल्टरनेटर आले. त्यांतले डायोड उलटा प्रवाह मुळातच अडवतात, म्हणून कटआऊट ओळखणारे हात कमी होत चालले आहेत. जुनी गाडी जपायची असेल, तर सुट्या भागांआधी असा एखादा हात शोधून ठेवावा.